दुसऱ्या चुलीचं धुराडं

आमच्या घरात काकू बाबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर डोईवर पदर घ्यायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आता हे सांगितलं की माझी धाकटी सून हसते. ती तिच्या भासऱ्याला नावाने हाक मारते आणि तोही मुकाट्याने ओ देतो. पण रीत बोलू देत नाही म्हणून घरातलं बोलणं काही थांबत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून होतं. आमच्या घरात ते तोंड माझं होतं.

बाबा ओसरीवर बसलेले असत आणि काकू आतल्या उंबऱ्याशी उभी. मधे फक्त एक भिंत. ती म्हणायची, "सुमे, तुया बाबाले इचार, आज भाजी कायची करू?" बाबांना ते लख्ख ऐकू गेलेलं असे, पण ते माझ्याकडे पाहत बसत. मी म्हणायची, "बाबा, काकू इचारते भाजी कायची करू." बाबा म्हणत, "वांग्याचं भरीत कर म्हना." काकूच्याही कानावर ते पडलेलं असे, तरी मी वळून "भरीत कर म्हन्ते" असं सांगेपर्यंत ती जागची हलत नसे. माझ्यावाचून या घरात भाजी फोडणीला पडत नाही, अशी माझी खात्री होती. सातवी-आठवीतली पोरगी मी, पण तहसीलदाराचा रुबाब.

आमचं गाव मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं, रुळांपासून थोडं आत. पहाटे मालगाडी गेली की भांड्याच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि त्या आवाजाने काकू उठायची. भाजीपाल्याचं घर. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. माय आणि बाबा उजाडायच्या आत मळ्यात, काका टोपल्या घेऊन मलकापूरच्या बाजारात आणि घरात काकू. मायला स्वयंपाकाची आवड नव्हती आणि तिने ती कधी लपवलीही नाही. उन्हात खुरपं परवडलं पण चुलीपुढे बसणं नको, असं ती उघड म्हणायची. त्यामुळे घरची, मजुरांची, आल्यागेल्याची भाकरी काकूच थापायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात डाळीचे फुनके वाफवायची आणि कढीबरोबर वाढायची. काकूला तेव्हा लेकरू नव्हतं. मी तिच्याजवळ निजायची, तिच्या ताटात जेवायची, माझी वेणी तीच घालायची. मायला मी माय म्हणायची खरी, पण ठेच लागली की तोंडातून "काकू" निघायचं. मायला त्याचं कधी वाईट वाटलं का, हे मी विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही आणि सुचलं तेव्हा माय नव्हती.

घर माळवदाचं, जाड मातीच्या छताचं. स्वयंपाकघराच्या छताला धूर जायला एक साणं होतं, म्हणजे ताटाएवढं भोक. धूर मात्र त्या साण्याकडे सोडून सगळीकडे जायचा. पावसाळ्यात साण्यावर पत्रा झाकला की विचारूच नका. सरपणाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या ओल्या, फुंकणीने फुंकून फुंकून काकूचा गळा सुजायचा. डोळे तर कायम लाल. भाकरी थापताना ती मनगटाने डोळे पुसायची आणि पिठाचा एक पट्टा तिच्या कपाळावर उठायचा. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कोणाला वाटेल की डोळ्यांचं सोंग होतं. सोंग नव्हतं. डोळे खरेच जळत होते. राग येतो तो त्याचाच.

एके दिवशी दुपारी ती माझ्या केसांतल्या उवा काढत बसली होती. म्हणाली, "सुमे, ते ग्रामपंचायतीत बाई आली होती नं, बिनधुराची चूल दाखवाले, धुराड्याची? पाह्यली काय तू?"

"हाव. धूर पाइपातून वरते जाते."

"मले एक तशी पाह्यजे व माय. आंधळी होऊन जाईन मी एक दिवस. तुया बाबाले तू सांग. तू सांगशीन तं ते नाई म्हननार नाईत."

"तूच सांग नं मंग काकाले."

"काकाचं आयकते काय कोनी अठी?" असं म्हणून तिने माझा चेहरा आपल्याकडे वळवला आणि पापणी खाली ओढून डोळा दाखवला. आतून जास्वंदासारखा लाल. मला रडूच आलं. त्या क्षणापासून धुराडं हे माझं काम झालं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात एका घरात दुसरी चूल मांडत नसत. दुसरी चूल पेटली म्हणजे भाऊ वेगळे झाले, एवढा साधा अर्थ. जमिनीचे कागद मागून होत, भिंती त्याच्याही मागून, पण वाटणी धरायची ती चुलीपासून. आणि बाबांचा जीव त्या एका चुलीत अडकलेला होता. शेजारच्या गल्लीत दोन भावांच्या चुली झाल्या तेव्हा बाबा त्या घरी सांत्वनाला गेल्यासारखे जाऊन बसले होते. काकाने पूर्वी एकदा जेवताना "आमचं आमी पाह्यलं तं..." एवढंच म्हटलं होतं, तर बाबा हात धुऊन ताटावरून उठले. त्यानंतर काकाने तो विषय काढला नाही. "एका घराले एक चूल" हे बाबांचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ होतं. काकूला तर ते माझ्याहून चांगलं पाठ होतं.

मी बाबांच्या मागे लागले. मळ्यात लागले, ओसरीवर लागले, ते दाढी करत असताना लागले. बाबा म्हणाले, "आहे तेच चुलीवर बसवू धुराडं, नवी कायले?" मी हे आत येऊन सांगितलं. काका जेवत होता, तो ओसरीकडे तोंड करून पटकन म्हणाला, "त्या चुलीच्या वरते सर आहे, दादा. सराले भोक पाडलं तं माळवद खाली येईन." आता ते खरं होतं. छताचा मुख्य लाकडी सर नेमका चुलीवरून गेलेला. मग काकूने मला शिकवलं आणि मी जाऊन बोलले: मागच्या खोलीवर पत्रे आहेत, पत्र्याला भोक सहज पडतं, तिथे नवी चूल घालू आणि सगळा स्वयंपाक तिथे करू. जुनीवर फक्त आंघोळीचं पाणी तापवू, म्हणजे चूल एकच राहिली की नाही? वकिलाने मांडावी तशी बाजू मांडली. बाबा नाही म्हणाले. तेव्हा मी जेवण सोडलं. रुसून ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "काकू आंधळी झाली तं तुमी भाकर थापसान काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. "लय मोठी झाली व तू," म्हणाले. आणि मग गंभीर होऊन, "करू. पन एक गोठ. त्या चुलीत पह्यला इस्तो या चुलीतला न्यायचा. आगपेटी लावायची नाई. इस्तो एक तं घर एक. सांग तुया काकूले."

मी वळून सांगितलं. काकूने पदराआडून मान हलवली. "हाव म्हना," म्हणाली.

मग जे दिवस आले ते आमच्या घरातले फार आनंदाचे दिवस होते, आणि हे लिहिताना मला आजही धड आनंद होत नाही की धड राग येत नाही. मागची खोली म्हणजे कांद्याची पोती, दोर, मोडकी मोट, उंदीर. ते सगळं काढलं. पोत्यांमागे गल्लीत उघडणारं एक दार होतं, जे मी जन्मात उघडं पाहिलं नव्हतं. काकाने त्याची कडी ठोकून ठोकून मोकळी केली, बिजागऱ्यांना तेल घातलं. मी म्हणाले, "हे काऊन?" तो म्हणाला, "उजेड येते." उजेड खरंच आला. नाल्याकाठची चिकणमाती मी आणि काकूने घमेल्यांनी आणली, तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, आणि लीद घालून पायांनी तुडवली. काकू लुगडं वर खोचून तुडवायची आणि माझ्या पायावर मुद्दाम पाय द्यायची. आम्ही इतक्या हसायचो की माय मळ्यातून आल्यावर ओरडायची, "भूत लागलं काय तुमाले?" काकाने मलकापूरहून सिमेंटचे पाइप आणले, बसच्या टपावर बांधून. वाटेत तडकू नयेत म्हणून आत गोणपाट कोंबलेलं. पत्रा कापताना त्याने अंगठा कापून घेतला, हळद लावली आणि पुन्हा वर चढला. बाबा खालून पाइप धरून उभे. "डावा कर बे! अबे, तुया डावा नाई, माया डावा!" भावाभावांत त्या दिवसांइतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

चूल सुकल्यावर धूर ओढते का ते पाहायला काकाने एक वर्तमानपत्र आत जाळून पाहिलं. सगळा धूर उलटा आमच्या तोंडावर. बाबा खोकत बाहेर पळाले, माय अंगणातून "झालं काय धुराडं?" असं विचारत होती, आणि काका डोळे चोळत म्हणत होता, "पाइप खराब देला त्यानं, त्याच्या मायले!" मग कोणाला तरी आठवलं की मधल्या पाइपातलं गोणपाट काढलंच नाही. काकाने बांबूने ते ढकलून काढलं तेव्हा बाबा जमिनीवर बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मला वाटलं, हे सगळं आपण दोघींनी घडवून आणलं.

सहा-सात महिन्यांपूर्वी माझ्या मुलाने आमच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर विजेची चिमणी बसवली. बसवणारा पोरगा तासाभरात काम उरकून गेला. बटण दाबलं की घरघर आवाज येतो आणि फोडणीचा वास नाहीसा होतो. मुलगा म्हणाला, "आई, खूश ना?" मी हो म्हणाले. पण ती पहिल्यांदा सुरू करायला त्याने मला बोलावलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. या वयात हे काय, असं मलाच वाटलं. लोक म्हणतात की वयाबरोबर राग निवतो. माझा तरी निवला नाही.

गुरुवारी सकाळी चूल पेटवायची ठरली. बाबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं. जुन्या चुलीतले लाल निखारे त्यांनी स्वतः चिमट्याने निवडून एका खापरावर ठेवले आणि खापर माझ्या हातात दिलं. "तूच ने. तुया हट्टाची चूल आहे." नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायचं, म्हणून माय दुधाचं पातेलं घेऊन मागे निघाली. मी पुढे, बाबा मधे, माय मागे, अशी आमची वरात ओसरीवरून मागच्या खोलीकडे चालली. हवेने निखारे फुलू नयेत, राखही उडू नये, म्हणून मी अगदी जपून पावलं टाकत होते. बोटांना चटका बसायला लागला होता, पण सांगायची सोय नव्हती.

मी पायाने दार ढकललं.

चूल पेटलेली होती. छान पेटलेली, धूर सगळा पाइपात, खोलीत नावालाही नाही. तव्यावर भाकरी फुगत होती. शेजारच्या कोनाड्यात नवी आगपेटी. फळीवर पितळेची भांडी मांडलेली, ती कुठली हे मला ओळखू आलं, कारण त्यांच्यावर काकूच्या वडलांचं नाव कोरलेलं होतं. लग्नात आलेली ती भांडी इतकी वर्षं पेटीत होती. गल्लीकडचं दार सताड उघडं, आणि त्या दारात काका आमच्याकडे पाठ करून बसलेला.

मला वाटलं, घाई झाली असेल. खरंच असं वाटलं. मी म्हणाले, "काकू, अवं इस्तो आणला नं मी! तू पह्यलेच काऊन पेटवली?"

काकूने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने पदर डोईवर ओढला, उभी राहिली आणि माझ्या डोक्यावरून बाबांकडे पाहून बोलली. थेट. "तुमी मोठे आहात. पन आमचं आमी पाहू आता. वाटीभर तेलाले बी इचारा लागते मले या घरात. नाई म्हनू नका."

तिचा आवाज कापत नव्हता, याचंच मला आश्चर्य वाटलं. चांगला खणखणीत आवाज होता. एवढी वर्षं तिने बाबांना सांगायचं ते माझ्या तोंडून सांगितलं, आणि जे खरोखर सांगायचं होतं ते सांगायला तिला माझी गरजच नव्हती. मी होते ती फक्त चूल मिळेपर्यंत. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तिने बार काढला होता, आणि मी मात्र खांदा देताना मिरवत होते.

बाबा काकाच्या पाठीकडे पाहत राहिले. काका वळला नाही. "गना," बाबांनी एकदाच हाक मारली. काका म्हणाला, "तिनं सांगतलं नं, दादा." बस्स, एवढंच. मग बाबांनी माझ्या हातातल्या खापराकडे पाहिलं आणि म्हणाले, "इजून चालले ते. ने मांगं."

मी ते मागे आणून जुन्या चुलीत ओतले. माझ्या दोन्ही हातांची बोटं भाजली होती. मायने दुधाचं पातेलं खाली ठेवलं, माझ्या बोटांना तेल लावलं आणि काही झालंच नाही अशा तऱ्हेने कणीक भिजवायला घेतली. मी रडत म्हणाले, "माय, काकूनं फसवलं व मले." माय म्हणाली, "मले ठाऊक होतं. पेटीतले भांडे मीच काढून देले तिले."  ती कणीक मळत म्हणाली, "दोन बायांचा संसार एका चुलीवर किती दिवस चालन? मले बी पाह्यजे होतं. तुया बाबाले मी म्हनलं असतं तं आयकलं असतं काय त्यायनं? तुयं आयकलं." म्हणजे ताकास तूर लागू दिली नव्हती ती फक्त दोघांना. घरात खुळे दोघंच, मी आणि बाबा.

बाबा मात्र मला खुळी समजले नाहीत, आणि तेच मला सगळ्यात लागलं. ते दिवसभर मळ्यात गेले नाहीत. दुपारी ओसरीवर मला जवळ बोलावून त्यांनी हळूच विचारलं, "तुले ठाऊक होतं काय व?" मी म्हणाले, "नाई, बाबा. विद्येची आन." त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही, ते मला दिसलं. "लय मांगं लागली होती तू," एवढंच म्हणाले. पुढे मी जे मागितलं ते त्यांनी दिलं. शाळा दिली, कॉलेजला बुलढाण्याला पाठवलं, कशाला नाही म्हणाले नाहीत. पण मी काही मागायला गेले की आधी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आज हिच्या तोंडून कोण बोलतंय ते पाहावं तसं. ते बघणं शेवटपर्यंत गेलं नाही.

काकूवर मी अन्याय करत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही वेगळी झाले असते. माझ्या लग्नानंतर वर्षभरात झालेच. पण मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिने मला एकदा कानात सांगितलं असतं, "सुमे, मले येगळं व्हायचं आहे," तर मी तिच्याबरोबर रडले असते आणि कदाचित तरीही माती तुडवली असती. तेवढाही भरवसा तिने माझ्यावर ठेवला नाही. केसाने गळा कापला, आणि तोही रोज माझी वेणी घालणाऱ्या हातांनी.

त्या संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हते. बाबाच म्हणाले, "बोलावते तं जाय. अन्नावर राग करू नाई." मी गेले. मागची खोली सारवलेली, स्वच्छ, हवा मोकळी. काकूचे डोळे निवळलेले दिसत होते, किंवा मला तसं वाटलं. तिने माझ्यासाठी पाट टाकला. पेल्यात पाणी ठेवलं, ताट वेगळं वाढलं, भाकरीवर तूप सोडलं. मी पाटावर बसले आणि कसं जेवायचं ते मला कळेना. "लाजू नको," ती म्हणाली, "पोटभर जेव." मी अर्धी भाकरी कशीबशी गिळली आणि "बस झालं" म्हणाले.

उठताना सवयीने ताट उचललं. आमच्या घरात ज्याचं त्याने घासायचं असे, पोरांनीसुद्धा. काकूने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू दे व," हसत म्हणाली, "पाव्हण्यानं ताट घासू नाई." तिला ते मायेचं बोलणं वाटलं असावं. मी हात धुतले, तिच्या पदराला न पुसता फ्रॉकलाच पुसले आणि बाहेर आले. ओसरी तीच होती. तिच्यावरून चालत चालत मी आमच्या घरी गेले.